बिनबक्षिसाची पैज

मुंबईच्या उपनगरांचा नकाशा समोर ठेवला, तर त्याच्या मधोमध एक मोठा हिरवा पट्टा दिसतो. पश्चिमेस अंधेरी-बोरिवलीची दाट वस्ती, पूर्वेस घाटकोपर-मुलुंडची तितकीच दाट वस्ती, आणि ह्या दोहोंना विभागणारी साष्टीच्या डोंगरांची रांग. बोरिवलीच्या रहिवाशास मुलुंडला जावयाचे झाले, तर तो दक्षिणेस पवईवरून किंवा उत्तरेस घोडबंदरच्या रस्त्याने ह्या डोंगराला वळसा घालतो. रोज आगगाडीत उभ्याने प्रवास करणाऱ्या लक्षावधी माणसांना हा डोंगर दुरून दिसतो. पावसाळ्यात तो हिरवागार झाला म्हणजे त्यांना क्षणभर बरे वाटते, आणि उतरण्याचे स्टेशन आले की त्याचा विसर पडतो.

परंतु ह्याच उपनगरांत अशीही काही मंडळी आहेत, की ज्यांना हा डोंगर स्वस्थ बसू देत नाही. चार स्नेही एखाद्या संध्याकाळी चहाला एकत्र जमतात. बोलता बोलता एक जण म्हणतो, "येत्या थंडीत एका सकाळी, न थांबता, इतकी चढउताराची वाट धावून काढावयाची. आहे कोणाची तयारी?" बाकीचे तिघे एकमेकांकडे पाहतात आणि "आहे" म्हणून मोकळे होतात. ह्या धावण्यासाठी कोणी वर्गणी घेत नाही, कोणी नाव नोंदवीत नाही, छातीवर क्रमांक लावीत नाही. शेवटी पदक नाही, टाळ्याही नाहीत. पैज म्हटली म्हणजे एक जिंकणारा आणि एक हरणारा असावयाचा; येथे प्रतिपक्षच नाही. डोंगर प्रतिपक्ष म्हणावा, तर त्याला कोणाच्या हारजितीचे सोयरसुतक नाही. मग अशा बिनबक्षिसाच्या पैजेत शहाणीसुरती माणसे का गुंततात, आणि तिच्यात खरोखर पणाला काय लागलेले असते, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

लांब पल्ल्याचे धावणे ही पाश्चात्त्यांची देणगी आहे, अशी समजूत पुष्कळ सुशिक्षितांत आढळते. घड्याळ, मोजलेले अंतर आणि नियमांचे पुस्तक ही बाहेरून आली हे खरे. दमसास मात्र येथलाच होता. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ साली स्थापन झाला. पुढे सर दोराबजी टाटा हे त्याचे अध्यक्ष असताना तेथील सामन्यांत त्यांना असे दिसून आले, की स्पर्धकांत खेड्यांतून आलेले शेतकरी पुष्कळ आहेत, ते अनवाणी धावतात, त्यांना शास्त्रशुद्ध शिक्षण असे काही मिळालेले नाही. आणि तरीही त्यांच्या वेळा युरोपातील धावणाऱ्यांच्या वेळांशी ताडून पाहता कमी प्रतीच्या ठरत नाहीत. ह्या अनुभवातूनच १९२० साली अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस भारतीय खेळाडूंचे एक लहानसे पथक गेले. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. ४२ किलोमीटर ७५० मीटर अंतराच्या त्या मॅरेथॉन शर्यतीत ते एकोणिसावे आले. त्यांस सुमारे २ तास ५० मिनिटे लागली. मुंबईत सहस्रावधी लोक जिच्यात धावतात ती मोठी वार्षिक मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. म्हणजे तिच्या आधी चौऱ्याऐंशी वर्षे मराठी मुलुखाच्या सीमेवरील एका धावपटूने हे अंतर जगाच्या पंक्तीस बसून पुरे केले होते.

तथापि आखलेल्या रस्त्यावरची शर्यत निराळी आणि मित्रांनी आपसांत ठरविलेली डोंगरवाट निराळी. ह्या दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडच्या सरोवरप्रदेशात सापडते. तेथील केझिक गावी बॉब ग्रॅहम नावाचा एक गृहस्थ प्रवाशांसाठी राहण्याजेवण्याची सोय चालवीत असे. १९३२ च्या जून महिन्यात त्याने गावातील सभागृहापासून निघून बेचाळीस शिखरे चढून-उतरून चोवीस तासांच्या आत त्याच ठिकाणी परत येण्याचे ठरविले, आणि २३ तास ३९ मिनिटांत ते पुरे केले. अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक, आणि सर्व चढणींची बेरीज आठ हजार मीटरांच्या घरात. म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीहून फार कमी नव्हे. पायांत टेनिसचे साधे बूट, आणि शिदोरी म्हणून लोणी-पाव, उकडलेली अंडी, फळे व गोळ्या. ह्या उपक्रमास कोणी आश्रयदाता नव्हता की बक्षीस नव्हते. पुढील अठ्ठावीस वर्षे हे कृत्य दुसऱ्या कोणास साधले नाही. १९६० साली ॲलन हीटन ह्याने ते साधले. त्यानंतर आजवर दोन हजारांहून अधिक माणसांनी ही फेरी पुरी केली आहे. पुढे १९७१ साली ह्या फेरीचे एक मंडळ स्थापन झाले. त्याचा मुख्य दंडक लक्षात घेण्याजोगा आहे : प्रत्येक शिखरावर धावणाऱ्याबरोबर एक सोबती असला पाहिजे, आणि त्याने साक्ष दिली पाहिजे. स्वतः ग्रॅहमबरोबरही त्याचे मित्र टप्प्याटप्प्याने धावले होते. एका माणसाच्या नावाने ओळखला जाणारा हा पराक्रम अशा रीतीने प्रारंभापासून अनेकांच्या पायांवर उभा आहे.

महाराष्ट्रातही ह्या जातीच्या वाटा आहेत. पुण्याजवळ कात्रजच्या घाटापासून एकामागून एक टेकड्या ओलांडीत सिंहगडास पोहोचावयाचे, हा पुणेकर तरुणांचा आवडता रात्रीचा उपक्रम आहे. त्याहून कठीण अशी सिंहगड, राजगड आणि तोरणा ह्या तीन गडांना जोडणारी वाट आहे. तिच्या अखेरीस असलेला तोरणा समुद्रसपाटीपासून १,४०३ मीटर उंच आहे. पूर्वी ही वाट पाठीवर पिशवी घेऊन दोन-तीन दिवसांत चालण्याची होती. आता काही जण ती एका दिवसात धावून काढतात. उपनगरांतील मंडळी अशा मोठ्या वाटेची स्वप्ने पाहतात, परंतु रोजच्या सरावाला त्यांच्याजवळ घरामागचा डोंगरच असतो.

हा डोंगर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. विहार आणि तुळशी हे दोन तलाव, अनुक्रमे १८६० आणि १८७९ साली पुरे झालेले, ह्याच्या कुशीत आहेत आणि मुंबईस पाणी पुरवितात. मध्यभागी कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास त्यांचे खोदकाम सुरू झाले. तेथील शिलालेखांत कल्याण, सोपारा, चौल, नाशिक येथील दात्यांचे उल्लेख आहेत. अर्थात ही माणसे व त्यांचा पैसा दोन हजार वर्षांपूर्वी ह्याच चढणी चढून आला. लेण्यालेण्यापाशी कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी आहेत. वाट किती लांब आहे ह्यापेक्षा पाणी कोठे आहे हे आधी पाहावे, हा डोंगरातला पहिला नियम ते खोदणाऱ्यांस चांगला माहीत होता.

आता बोरिवलीच्या मुख्य दरवाज्यापासून कान्हेरीपर्यंतचा रस्ता सुमारे सहा-सात किलोमीटरांचा आहे. दोन्ही बाजूंस दाट झाडी, आणि लेण्यांजवळ दमछाक करणारी चढण. जाऊन-येऊन तीन खेपा केल्या, की मॅरेथॉनच्या जवळपास अंतर भरते. पुष्कळांच्या मनात येते, की ह्या सरळ रस्त्याने तीन वेळा जाण्यायेण्यापेक्षा रानातून आडवे घुसावे आणि मुलुंडच्या बाजूस उतरावे. पैजेला तेच अधिक शोभेल. येथेच ह्या पैजेची पहिली परीक्षा होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात परवानगीवाचून शिरता येत नाही, आणि तिकीट काढून आत गेलेल्यासही रानातल्या आतल्या वाटा आपोआप मोकळ्या होत नाहीत. २०१५ साली कॅमेऱ्यांच्या साहाय्याने झालेल्या गणनेत येथे ३५ बिबटे आढळले. ते रात्री आणि सांजसकाळच्या संधिप्रकाशात हिंडतात. माणसाने तेवढी वेळ त्यांना सोडून दिली, तर दोघांचेही क्षेम राहते. आडवाटेने गेले तर पाहणारे कोणी नाही, हे खरे. परंतु ज्या पैजेत पंच नाही, तिच्यात नियम पाळण्याचे काम खेळणाऱ्याकडेच येते. पाहणारा नाही म्हणून जो आडरानात शिरतो, तो पाहणारा नाही म्हणून तिसऱ्या खेपेतील दोन किलोमीटरही गिळून टाकील, आणि मग पैज उरतच नाही.

ह्या जंगलात वारल्यांचे पाडे आहेत. तेथील माणसे कामाकरिता, बाजाराकरिता, शाळेकरिता ह्याच चढउतारावरून नित्य ये-जा करतात, डोक्यावर ओझे घेऊनही करतात, आणि त्याला कोणी पराक्रम म्हणत नाही. रंगीत बूट घालून धावत येणाऱ्याने अशा माणसास वाट द्यावी, घटकाभर थांबून रामराम करावा. त्यामुळे वेळ थोडा अधिक लागतो, पण आपल्या पराक्रमाचे खरे मोजमाप ध्यानात राहते.

पणाला काय लागते, हे समजण्यासाठी असे चौघे कल्पनेने डोळ्यांसमोर आणावेत. अंधेरीचा एक बँकेतील कारकून, चौघांत सर्वांत वेगवान. बोरिवलीचा एक दुकानदार, ज्याला त्या रस्त्याचे प्रत्येक वळण पाठ आहे. मुलुंडची एक परिचारिका. आणि घाटकोपरचा एक कारखान्यातील तंत्रज्ञ, ज्याने मागील महिन्यात रात्रपाळीमुळे सराव कमी केला, पण ही गोष्ट इतरांना सांगितली नाही. जानेवारीतील एक रविवार ठरला आहे. नियम दोनच : तीन खेपा पुऱ्या करावयाच्या, आणि चौघांनी मिळून परत यावयाचे. दुसरा नियम ठरविताना तो सर्वांना निव्वळ शोभेचा वाटला होता.

पहिली खेप हसतखेळत होते. दुसऱ्या खेपेत बोलणे कमी होते. धावणाऱ्याच्या शरीरात साठविलेली साखर दोन-अडीच तासांत सरत येते. म्हणून गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याची चिक्की, केळे असे काही तरी अर्ध्या-अर्ध्या तासाने पोटात गेले पाहिजे. उतारावर श्वासास आराम मिळतो, परंतु मांड्यांचे स्नायू ताणले जात असताना भार पेलतात. त्यामुळे खरी ठणक चढणीची नसून उताराची असते, आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळते. मुंबईच्या हवेचा आणखी एक दोष असा, की ती दमट असते. घाम येतो, पण वाळत नाही. आणि शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे, घाम आल्यामुळे नव्हे. ऊन चढू लागले म्हणजे जानेवारीतही ही अडचण जाणवते.

पाणी भरपूर प्यावे, हा उपदेश सर्वांनी ऐकलेला असतो. त्याचाही अतिरेक घातक होतो. २००२ साली अमेरिकेतील बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावणाऱ्यांचे रक्त तपासण्यात आले. त्यांपैकी शेकडा १३ जणांच्या रक्तातील सोडियम प्रमाणापेक्षा खाली गेलेले आढळले, आणि त्याचे एक प्रमुख कारण शर्यतीत वाजवीपेक्षा अधिक पाणी वा पेये पिणे हे होते. तहान लागेल तसे घोट घोट प्यावे, आणि त्यात मीठ-साखर-लिंबाचा अंश असावा, ही आजीबाईची रीत अखेर शास्त्रानेही खोटी ठरविली नाही.

तिसऱ्या खेपेच्या चढणीवर घाटकोपरचा मित्र मागे पडू लागतो. प्रथम चार पावले, मग चाळीस. अंधेरीचा गडी पुढे वळणावर थांबून घड्याळ पाहतो. आता फार तर नऊ-दहा किलोमीटर उरले आहेत आणि त्याच्या पायांत दम आहे. मागचा मित्र हाताने खूण करतो, "तुम्ही व्हा पुढे, मी येतोच." त्याचे पाऊल वाकडे पडते. परिचारिका त्याच्याजवळ परत येते आणि सहज विचारावे तसे विचारते, "अरे, आज वार कोणता?" तो थोडा वेळ विचार करतो आणि "शुक्रवार" असे सांगतो. मग चिडून म्हणतो, "मला काही झालेले नाही. उगीच माझी परीक्षा घेऊ नकोस."

ही चीड त्याची नव्हे. शरीराची उष्णता मर्यादेबाहेर गेली म्हणजे तिचा परिणाम आधी मेंदूवर होतो. माणूस अडखळतो, भलतेच बोलतो, आणि आपल्याला काही झालेले नाही असे तावातावाने सांगतो. ज्याला धोका आहे त्यालाच तो कळत नाही, हे ह्या विकाराचे मुख्य लक्षण होय. उपचार एकच : तत्काळ थांबविणे, सावलीत निजविणे, कपडे सैल करून अंगावर पाणी ओतणे, वारा घालणे, आणि शरीर थंड करीत करीतच रुग्णालयात नेणे. येथे मिनिटे मोलाची असतात. दुखणे वाढू दिले तर मूत्रपिंडे व यकृत निकामी होऊ शकतात, मृत्यूही येतो.

आता अंधेरीच्या गड्याने काय करावे? तीन खेपा पुऱ्या करण्याचा शब्द त्याने दिला होता. मित्राजवळ दोघे आहेतच. तिसऱ्याने थांबून काय साधावयाचे, असा युक्तिवाद त्याच्या मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. मोठ्या आखलेल्या शर्यतीत असा प्रसंग आला असता, तर तो युक्तिवाद चालून गेला असता. तेथे ठरावीक अंतरावर पाण्याची मेजे असतात, स्वयंसेवक असतात, डॉक्टर असतात, गाडी असते. प्रवेशशुल्क भरून धावणाऱ्याने एकमेकांना सांभाळण्याचे आपले कर्तव्य जणू संयोजकांच्या स्वाधीन केलेले असते. तो स्वतःपुरते पाहण्यास मोकळा होतो. मित्रांच्या पैजेत हे कर्तव्य दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन करता येत नाही, कारण तेथे दुसरे कोणी नसतेच. रुग्णास उचलून रस्त्याच्या कडेला सावलीत न्यावयास दोघे हवेत, आणि खाली धावत जाऊन वाहन व मदत आणावयास तिसरा हवा; तोही सर्वांत वेगवान हवा. अंधेरीच्या गड्याने आपली उरलेली ताकद ह्या कामी खर्च केली, तर त्या सकाळी त्याच्या पायांचे चीज झाले असे म्हणता येईल.

तेव्हा अशा पैजेत दोन शब्द दिलेले असतात. एक, अंतर पुरे करण्याचा. तो मोठ्याने दिला जातो आणि चारचौघांत सांगता येतो. दुसरा, बरोबरच्यास न सोडण्याचा. तो बहुधा कोणी उच्चारीतही नाही. जोपर्यंत सर्व ठीक चालले आहे, तोपर्यंत ह्या दोहोंत विरोध दिसत नाही. विरोध उत्पन्न झाला, की कोणता शब्द खरा होता आणि कोणती नुसती बढाई होती हे उघडे पडते. पहिला शब्द पुढे ढकलता येतो. डोंगर तेथेच आहे, थंडी पुढल्या वर्षी पुन्हा येते. दुसरा पुढे ढकलता येत नाही. पैज अर्धवट टाकून जो मित्रासह परत येतो, तो हरला असे म्हणणाराने पैजेचा दुसरा नियम वाचलेलाच नाही.

ह्याच न्यायाने घाटकोपरच्या मित्राचाही विचार केला पाहिजे. सराव कमी झाला ही गोष्ट त्याने लपविली, ती भित्रेपणाने नव्हे. आपल्यामुळे इतरांचा बेत मोडू नये ह्या संकोचाने. परंतु जेथे चौघांनी मिळून परतावयाचे आहे, तेथे एकाचे दुर्बलत्व हे चौघांचे हिशेबाचे कलम असते. निघण्यापूर्वी ते सांगितले असते, तर तीन खेपांच्या दोन करता आल्या असत्या, किंवा चाल सावकाश ठेवता आली असती. समूहाने धावताना वेग पुढच्याने ठरवावयाचा नसतो, मागच्याने ठरवावयाचा असतो. ही गोष्ट समजली, की अशी पैज सुरक्षित होते. आणि पुष्कळदा असे दिसते, की सर्वांत मागच्याच्या चालीने निघालेली चौकडी ठरल्या अंतराच्या पुढेही जाऊ शकते.

घरच्या वडील मंडळींना हा सगळाच उद्योग निरर्थक वाटण्याचा संभव आहे. आठवडाभर कामाने शिणलेल्या मुलाने रविवारी पहाटे उठून, ज्या ठिकाणाहून निघाला त्याच ठिकाणी तीन वेळा परत यावे, ह्यात लाभ काय, असे विचारले जाते. लाभ नाही, हे उत्तर प्रामाणिक आहे. ज्यात लाभ नाही असे एखादे कठीण काम मित्रांच्या सोबतीने मनापासून करणे, हेच त्यातले सुख आहे. उपनगरातील जीवनात बहुतेक सर्व कष्ट पगारासाठी होतात आणि बहुतेक सर्व गर्दी अनोळखी असते. चार ओळखीची माणसे, एकत्र घेतलेले कष्ट, आणि त्याबद्दल कोणाकडून काही मिळावयाचे नाही ही खात्री, एवढ्या तीन गोष्टी एका सकाळी एकत्र येतात हे थोडे नव्हे.

म्हणून मुलाला किंवा मुलीला सरसकट मना करण्यापेक्षा, आदल्या रात्री जेवताना दोन-तीन प्रश्न विचारावेत. वाट कोणती आणि तिला परवानगी आहे ना? पाणी, मीठ आणि खाणे कोणाजवळ आहे? कोणी आजारी पडला तर जवळचे रुग्णालय कोणते आणि गाडी कोण आणणार? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : चौघांत सर्वांत हळू धावणारा कोण, आणि त्याच्याबरोबर कोण राहणार? पहिल्या तिहींची उत्तरे बहुधा तयार असतात. चौथ्याचे उत्तर येईपर्यंत डब्यात चिक्की भरण्याची घाई करू नये.